तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र कोडमध्ये का काढते

"अहो ताई, माऊसनं दोन मिनिटात होतंय की, कोड कशाला लिहीत बसता?" प्रेसवाले विचारतात, शाळेतले सर विचारतात, भाचा तर दर सुट्टीला विचारतो. एकदा नीट लिहूनच टाकते.

चौकोन माऊसनं झटपट होतात, मान्य. बाण चौकोनाला चिकटून राहतात, तेही मान्य. पण नावं? नाव बहुतेक वेळा सुटा टेक्स्ट बॉक्स असतो, कुणीही उचलावा आणि कुठंही ठेवावा.

पुराच्या माहितीपत्रकासाठी मी कृष्णेची आकृती काढली होती, तेव्हा माऊसनंच काढायचे. वर धोम धरण, मग संगम माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, मग सांगलीचा आयर्विन पूल, त्याच्या खाली हरिपूरला वारणा, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. प्रेसमध्ये जाहिरातीला जागा हवी म्हणून कुणीतरी सगळं दाबून बसवलं, आणि दाटी झाली म्हणून 'हरिपूर, वारणा संगम' हे नाव पुलाच्या वरच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. मला न दाखवता छापलं आणि वाटलंसुद्धा. मग हरिपूरच्या एका आजोबांचा फोन आला, "बाई, आमचा संगम पुलाच्या वर कधी गेला?"

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे. संगम पुलाच्या वर दाखवला की वाचणारा समजणार, वारणेचं पाणी त्या आकड्यात आलंच, आता वेगळं काही बघायला नको. आणि वारणा मिळते पुलाच्या खाली, म्हणजे हरिपूर-अंकलीकडच्या माणसानं वारणेवरच्या चांदोली धरणातून किती सोडलंय तेही बघायला पाहिजे, शिवाय वारणा जोरात असली की कृष्णेला फुगवटा येतो आणि सांगलीचं पाणी लवकर उतरत नाही. 2019 ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्याच हातात हे पत्रक गेलं आणि खाली आकृती काढणारी म्हणून माझं नाव. आजोबा अजिबात चिडले नव्हते, समजावून सांगत होते, त्याचाच जास्त त्रास झाला.

आता टिक्झमध्ये, म्हणजे कोड लिहून आकृती काढायच्या साधनात, हरिपूरचा नोड (आकृतीतली त्या गावाची खूण) 'सांगलीच्या खाली' असाच लिहिलाय आणि 'वारणा संगम' हे लेबल त्या नोडच्याच ओळीत आहे, नोड जाईल तिथं ते जाणार. मध्ये उरमोडी घालायची ठरली तर कराडला 'उरमोडीच्या खाली' म्हणायचं, पुढचं सगळं आपोआप सरकतं. जागा कमी पडली तर नोड डिस्टन्स, म्हणजे दोन नोडमधलं अंतर, एका ठिकाणी कमी करायचं.

सोपं आहे असं मी म्हणत नाही. फॉन्टला देवनागरी लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं फुटतात. 'हरिपूर'ला वर वेलांटी, खाली उकार, शेजारच्या 'वारणा'ला दोन्ही नाही, नोड मजकुराच्या उंचीवरून मध्य धरतो आणि दोघांच्या शिरोरेघा वरखाली होतात. टेक्स्ट हाइट आणि टेक्स्ट डेप्थ, म्हणजे मजकुराची वरची उंची आणि खालची खोली, सगळ्या नोडना सारखी दिल्यावर जुळतात.

आधी मी ग्राफविझच्या, म्हणजे मांडणी स्वतःच करणाऱ्या दुसऱ्या एका साधनाच्या, बाजूनं भांडायचे, जागा आपण ठरवायचीच कशाला, कुठून कुठं बाण जातो तेवढं सांगा, मांडणी त्याच्यावर सोडा. ऑफिसच्या फ्लोचार्टला आजही मी तेच वापरते. पण नदीला काठ असतात. कोयना, वारणा, पंचगंगा उजव्या काठाला मिळतात, येरळा डाव्या, आणि उत्तर वर धरली की उजवा काठ कागदावर डावीकडं येतो. ग्राफविझ बाणांची गुंतागुंत कमी करायला बघतं, येरळा कुठल्या बाजूची हे त्याला कुठून कळणार? म्हणून आता कोण कुणाच्या खाली, कोण डावीकडं, हे मीच सांगते. मग तेव्हाची मी विचारते, शेवटी जागा हातानंच ठरवायच्या तर माऊस काय वाईट होता? बाजूपुरतं तिचं बरोबर आहे. लेबलापुरतं नाही, असं मला वाटतं.

परवा प्रेसमधलाच एकजण म्हणाला, ताई, तुमची पीडीएफ पण कोरलमध्ये, आमच्या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये, उघडून सरकवता येते. येते. आणि मी नसले तर ती कोडची फाइल तिथं वाचणार कोण, यालाही माझ्याकडं उत्तर नाही. पावसाळ्याआधी पत्रक परत निघतंय. जागा बदलली तर मला फोन करा, लगेच नवी काढून देते, एवढं त्यांना सांगितलंय, आणि या वेळी प्रूफ आधी हरिपूरला जाणार.