‘कोऑर्डिनेट’ला दुसरा शब्द शोधताय? आधी नेमकं काय केलंत ते आठवा

गोव्यातल्या फोंड्याहून भाचीचा निरोप आला. नर्सिंग पूर्ण करून ती आता इंग्लंडातल्या नोकरीचा अर्ज भरतेय. ‘मावशी, प्रत्येक ओळीत कोऑर्डिनेट येतंय गो. दुसरे चार शब्द सांग ना.’ माशेल, म्हापसा, डिचोलीच्या मुलामुलींनीही मला हे विचारलं आहे. म्हणून तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितेय.

मी मँचेस्टरजवळच्या एका इस्पितळात वॉर्डवर काम करते. समानार्थी शब्दांच्या इंग्रजी कोशामुळे प्रसिद्ध झालेले पीटर मार्क रोजे याच शहरातल्या इन्फर्मरीत, म्हणजे इस्पितळात, डॉक्टर होते. 1805 साली त्यांनी स्वतःच्या लेखनाला मदत म्हणून शब्दांची एक वही तयार केली. पुस्तक निघालं ते थेट 1852 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर. त्यांनी शब्द अर्थाच्या कुळांप्रमाणे लावले, पण व्याख्या दिल्या नाहीत. हवा तो शब्द वाचणारा ओळखेल, असा त्यांचा विश्वास होता. आज आपण कोश उघडतो, यादीतला भारदस्त शब्द उचलतो आणि अर्जात चिकटवतो. पण अर्ज वाचणाऱ्या माणसाला त्या शब्दामागे ठरावीक प्रकारचं काम दिसतं. ते तुम्ही केलेलं नसेल, तर मुलाखतीत पुढच्याच प्रश्नाला अडचण होते.

कोऑर्डिनेट म्हणजे काय, हे मला वॉर्डवर उमगलं. समजा, खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आता त्यांना घरी पाठवायचं आहे. फिजिओथेरपिस्टने त्यांना जिना चढवून बघायला हवं. ऑक्युपेशनल थेरपिस्टने घरातल्या पलंगाची उंची आणि संडासातली आधाराची दांडी बघायला हवी. फार्मसीतून घरी न्यायच्या औषधांची पिशवी यायला हवी. तिला इथे सगळे ‘टीटीओ’ म्हणतात. सोशल वर्करने घरी येणाऱ्या केअररची सोय लावायला हवी, पट्टी बदलायला डिस्ट्रिक्ट नर्सला कळवायला हवं, रुग्णवाहिका हवी, आणि किल्ली घेऊन लेक दारात हजर हवी. यातल्या प्रत्येकाचा साहेब वेगळा. मी कुणालाही हुकूम सोडू शकत नाही. पण औषधं चारला आली आणि गाडी तीनला निघून गेली, तर आजींना आणखी एक रात्र वॉर्डवर काढावी लागते. हातात अधिकार नाही, तरी क्रम आणि वेळ जुळवण्याची जबाबदारी मात्र आपली, हे कोऑर्डिनेट. लॅटिनमधला ‘ऑर्डो’ म्हणजे क्रम, आणि शब्दात तोच बसलेला आहे.

हे काम गोव्यातल्या माणसाला परकं नाही. जत्रेचं उत्सवी नाटक कोण उभं करतं, आठवा. तालमी पावसातच सुरू होतात. कुणी बँकेत, कुणी बागायतीत, कुणी बसवर कंडक्टर. सगळ्यांना रात्री देवळाच्या मंडपात जमवायचं. पडदे, कपडे, रंगभूषा करणारा आणि ऑर्गनवाला आधीच सांगून ठेवायचे, कारण त्याच दिवसांत शेजारच्या गावांतल्याही जत्रा असतात. पालखी देवळात परत आल्याशिवाय पहिली घंटा द्यायची नाही, आणि पालखी किती वाजता येईल ते कुणाच्याच हातात नसतं. हे सगळं बघणाऱ्या माणसाचं नाव पुष्कळदा जाहिरातीच्या कागदावरही नसतं. वास्कोचा दामोदर सप्ताह तर याहून मोठा: चोवीस तास भजन तुटू द्यायचं नाही, एका पथकाने थांबायच्या आत दुसऱ्याने सूर धरायचा, आणि त्यातच वेगवेगळ्या व्यवसायांच्या मंडळींचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, वाजतगाजत येणार. इथल्या कुठल्याही मॅनेजरला हे समजावून सांगितलं, तर तो थक्क होईल असं मी खात्रीने म्हणते.

आता बाकीचे शब्द. लायेझ हा ब्रिटिश नोकरीच्या जाहिरातीत हमखास दिसतो आणि आपली मुलं नेमका तोच वापरत नाहीत. दोन वेगळ्या विभागांमध्ये निरोपाची ये-जा चालू ठेवणं, कुणालाही अंधारात न ठेवणं, हा त्याचा गाभा. मूळ फ्रेंच ‘लिएझाँ’, म्हणजे बांधणं. इंग्रजीत तो आधी स्वयंपाकघरातून आला, रस्सा दाट करण्यासाठी घालायचा पदार्थ म्हणून. क्रियापद झालं ते विसाव्या शतकात, लष्करी बोलीतून. तुम्ही वॉर्ड आणि लॅब यांच्यात दुवा होता का? मग ‘लायेझ्ड विथ’ लिहा. पुढे ‘विथ’ विसरू नका.

कोलॅबोरेट म्हणजे बरोबरीच्या नात्याने एकत्र काहीतरी घडवणं. दोघांनी मिळून वॉर्डसाठी नवा तक्ता तयार केला, तर ते कोलॅबोरेशन. निव्वळ एका शिफ्टमध्ये शेजारी उभं राहणं म्हणजे कोलॅबोरेशन नव्हे. याच शब्दावर युरोपात एक जुना डागही आहे. ऑक्टोबर 1940 मध्ये, जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्सचे प्रमुख मार्शल पेताँ यांनी रेडिओवरून जर्मनीशी ‘कोलॅबोरेशन’ची भूमिका जाहीर केली, आणि तेव्हापासून ‘कोलॅबोरेटर’ म्हटलं की शत्रूला सामील झालेला माणूस, हा अर्थही उभा राहतो. अर्जात क्रियापद चालतं. स्वतःला मात्र कोलॅबोरेटर म्हणवून घेऊ नका.

कोऑपरेट या शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण त्याचं एक घर इथून जवळच आहे. मँचेस्टरच्या उत्तरेला रॉचडेल नावाचं गिरणीगाव. तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी 28 पौंडांच्या भांडवलावर 21 डिसेंबर 1844 रोजी टोड लेनवर दुकान उघडलं. माल थोडाच होता: लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या. पण वजन खरं, भेसळ नाही, प्रत्येक सभासदाला एक मत, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात परत. त्या दुकानाचं आता संग्रहालय झालं आहे. ते बघताना मला सारखी आपली गावकरी, म्हणजे गोव्यातली गावाच्या सामायिक जमिनींची जुनी व्यवस्था, आठवत होती. गावच्या जमिनी गावाने सांभाळायच्या, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध दुरुस्त करायचे, भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मानस, म्हणजे पाण्याची झडप, नीट ठेवायची, आणि उरलेल्यातून गावकारांना झोण, म्हणजे वाटा. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, या रूढी लिहून काढल्या, म्हणजे त्या त्याहून जुन्या. दोन्ही सारख्या होत्या असं मी म्हणणार नाही. गावकरीत हक्क जन्माने यायचा, रॉचडेलला वर्गणी भरून. पण बांध फुटला तर सगळ्यांचंच शेत जातं हे ज्या लोकांना कळलं होतं, त्यांना सहकार इंग्रजांनी शिकवला असं कुणी सांगू नये.

एवढा मोठा इतिहास पाठीशी असला, तरी अर्जात कोऑपरेट हा शब्द दुबळा पडतो. ‘आय कोऑपरेटेड विथ द टीम’ याचा इथे अर्थ निघतो: सांगितलं तसं वागलो, आडवं आलो नाही. त्यात पुढाकार दिसत नाही.

ऑर्गनाइझ आणि अरेंज यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अरेंज म्हणजे एक सुटी गोष्ट ठरवणं, उदाहरणार्थ गाडी किंवा भेटीची वेळ. ऑर्गनाइझ म्हणजे अख्खा कार्यक्रम सुरुवातीपासून उभा करणं. ब्रिटिश अर्जात स्पेलिंग ‘एस’ने लिहिलेलं बरं. फॅसिलिटेट म्हणजे दुसऱ्यांचं काम सुकर करणं. बैठक चालवली असेल तर तो योग्य. ऑर्केस्ट्रेट टाळा, बातम्यांत तो कटकारस्थानांबरोबर फार येतो. आणि मोबिलाइझ! आपल्याकडे मोर्चासाठी माणसं मोबिलाइझ करतात, इथल्या वॉर्डवर रुग्णाला उठवून चालवणं म्हणजे मोबिलाइझ. नर्सच्या अर्जात ‘मोबिलाइझ्ड फिफ्टी पीपल’ वाचलं, तर पन्नास रुग्णांना चालवलं असंच समजतील.

भाचीच्या मूळ वाक्यात होतं की तिने वॉर्डच्या सगळ्या कामांचं कोऑर्डिनेशन केलं. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? मग हळूहळू बाहेर आलं: रक्ताचे नमुने लॅबला वेळेत जातात की नाही ते ती बघायची, रिपोर्टसाठी फोन करायची, नातेवाइकांना कोकणीत किंवा मराठीत समजावायची, आणि नव्या मुलींच्या कामाच्या पाळ्या लावताना सिस्टरना मदत करायची. आता तिच्या अर्जात लॅबसाठी लायेझ आहे, नातेवाइकांसाठी साधं ‘एक्स्प्लेन’ आहे, पाळ्यांसाठी ‘असिस्ट’ आहे. कोऑर्डिनेट एकदाच उरलं, रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी पाठवण्याच्या तयारीबद्दल, कारण तिथे खरोखरच चार विभागांची वेळ तिने जुळवली होती.

तिचा शेवटचा प्रश्न होता, नाटकाचं लिहू का? आवर्जून लिही, म्हटलं. सरकारी इस्पितळांच्या मुलाखतीत बहुतेक ‘अशी एखादी वेळ सांगा जेव्हा तुम्ही…’ असे प्रश्न येतात. परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय सोपवलं होतं, तुम्ही स्वतः काय केलंत, शेवटी काय झालं, या क्रमाने उत्तर द्यायचं. गावच्या नाटकात तीन वर्षं पडद्यामागची बाजू सांभाळणाऱ्या मुलीकडे असे प्रसंग पोत्याने असतात. ऐन वेळी तबलजी आला नाही, तेव्हा शेजारच्या गावातून कुणाला आणलं आणि तोवर प्रेक्षकांना कसं थोपवलं, हे तिने ‘वी’ न म्हणता ‘आय’ म्हणून सांगावं. आपल्याकडे ‘आम्ही केलं’ म्हणायची चांगली सवय असते, पण गुण देणाऱ्याच्या कागदावर ‘वी’ला जागा नसते.