कारकीक पार्कला सॅमनसाठी जाताय? वेडर्स भाड्याने घेऊ नका

सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून या पार्कातल्या ओढ्यात चढतात आणि स्वयंसेवक त्यांची राखण करतात. "मासे हातात धरून वर सोडायचे असतात, वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) लागतीलच," असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं. साफ चूक. सिएटलच्या कारकीक पार्कमध्ये स्वयंसेवक माशांना हात लावत नाहीत आणि ओढ्यात पाऊलही टाकू देत नाहीत. अंडी खडीखाली असतात, एक बूट पडला की चिरडली. दुकानदाराने मात्र वेडर्सचं भाडं घेतलं आणि परत करताना धुण्याचे पैसेही उकळले. कोरड्या ठणठणीत वेडर्सच्या धुण्याचे! त्यापेक्षा पोलराइज्ड गॉगल न्या, पाण्यावरची चकाकी जाते आणि मासे स्पष्ट दिसतात. बाकी चिखलात पकड धरणारे बूट आणि रेनकोट पुरे.

पार्किंग सोपं आहे, हीसुद्धा थापच. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास चम या जातीच्या सॅमनची गर्दी असते आणि माणसांचीही. खाली उतरणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा. रांग हलत नाही, आणि खाली पोचल्यावर जागा नाही म्हणून पुन्हा वर. या एका रस्त्याने दिवसाचा विचका केला, आठवलं की अजून डोकं तापतं. डाउनटाउनहून रॅपिडराइड डी लाइनची बस घ्या, शेवटच्या थांब्याला उतरा आणि पायपर्स क्रीक या पार्कातल्या ओढ्याच्या पायवाटेने खाली चालत या. टायर झिजून रस्त्यावर पडणारं एक रसायन पावसाबरोबर ओढ्यांत उतरतं आणि कोहो या दुसऱ्या जातीचे सॅमन अंडी घालण्याआधीच मरतात, हे 2020 मध्ये उघड झालं. चम त्यातून तगतात. तरी ओढ्याकाठी गाडी न नेलेली बरी.

स्वयंसेवकांचं काम म्हणजे काठावर पहारा. कुत्रे आवरायचे, पोरांना पाण्यात दगड टाकू द्यायचे नाहीत. चमला फारशी उडी मारता येत नाही, त्यामुळे खेळता खेळता रचलेला दगडांचा बांधही त्याची वाट अडवू शकतो. माझ्यासमोर एक मादी आडवी होऊन शेपटीने खडी उकरत होती. शेपटीची कड झिजून पांढरीफटक पडलेली, तरी थांबेना. मागे जांभळ्या पट्ट्यांचा, सुळे बाहेर आलेला नर. तिच्यासाठी कुत्रेवाल्यांशी हुज्जत घालणारे ते स्वयंसेवक मला फार मोठे वाटले.

प्रत्यक्ष हाताने काम करायचं असेल तर वसंतात जा, आणि तेही तिथे राहत असाल तरच. सुक्वामिश या मूळनिवासी जमातीच्या ग्रोव्हर्स क्रीक हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) आणलेली चमची पिल्लं पार्कातल्या तळ्यात ठेवतात. स्वयंसेवक त्यांना काही आठवडे रोज खाऊ घालतात. तेवढ्यात या पाण्याचा वास त्यांच्यात मुरतो आणि समुद्रात तीन ते पाच वर्षं काढून ती त्याच वासाच्या मागावर परततात.

रेल्वेरुळांपलीकडे किनाराही आहे, पण आधी सॅमन बघा. नोव्हेंबरअखेर सूर्य साडेचारच्या आतच मावळतो आणि झाडीत त्याआधीच दिसेनासं होतं. सकाळी जा, आणि परतीचा चढ उजेडात संपवा.