कॉमेट ट्रकचा मूळ आरपीएम मीटर परत चालू झाला, पण एका दुकानाने जीव खाल्ला (माझा अनुभव)

कुणाच्या जुन्या ट्रकला केबलवर फिरणारा मूळ आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) असेल आणि काटा मेला असेल, तर मीटर काढून कुणाच्या हातात द्यायच्या आधी हे वाचा. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती वाहत वडिलांनी ज्या अशोक लेलँडच्या कॉमेट ट्रकवर आमचं घर चालवलं ती गाडी अजून आमच्या दारात आहे, आणि तिच्यातली एकही मूळ वस्तू मला जाऊ द्यायची नव्हती.

या मीटरला वायर नाही, करंट नाही. इंजिनकडून केबल फिरत येते, तिच्या टोकावर आत एक मॅग्नेट फिरतं, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते ती मॅग्नेटला न चिकटता त्याच्या ओढीने वळायला बघते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथं थांबतो तो आरपीएम. एवढंच यंत्र आहे, म्हणून ते दुरुस्त होतंच, कुणी नाही म्हणालं तर मानू नका.

केबलचं काम सोपं झालं. बाहेरचं कव्हर आणि दोन्हीकडचे नट जुनेच ठेवले, आतली तार शंभर फुटी रोडवर नवीन मिळाली, टोकं चौकोनी दाबून घेतली. तार घेताना पीळ कुठल्या दिशेचा आहे ते बघून घ्या, फिरताना पीळ आवळला पाहिजे, सुटला तर तार लवकर तुटते. खरं दुखणं खाली होतं. इंजिनजवळ जिथून केबल निघते तिथलं ऑइल सील गेलेलं, ऑइल केबलमधून चढत चढत मीटरमध्ये पोचलेलं. सील आधी बदला, नाहीतर बाकी सगळा खर्च पाण्यात.

आता दुकान. नाव घेत नाही, जिल्ह्यात मीटरच्या कामासाठी बऱ्यापैकी माहीत आहे. मीटर दिला तेव्हा स्पष्ट सांगितलं, दादा, फक्त साफ करा, काटा मोकळा करा, बाकी काही बदलू नका. हो हो म्हणाले. मग सुरू झालं, माणूस गावाला गेलाय, पुढच्या आठवड्यात या, पुण्याहून सामान यायचंय, आज लाईट नाही. ऊन संपलं, पाऊस लागला, मीटर त्याच फळीवर, वर धूळ. एकदा तर म्हणाले, आत इलेक्ट्रॉनिक मशीन टाकून देतो, डायल तीच दिसेल, कुणाला कळणार? अहो मला कळणार ना! वडिलांना कळणार.

शेवटी मीटर मिळाला, पैसे दिले, गाडीला लावला, आणि आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) काटा तीनशेच्या पण खाली. त्या स्पीडला हे इंजिन चालूच राहणार नाही, हे गाडी चालवलेला कुणीही सांगेल. दुकानात गेलो तर म्हणे मीटर ओके आहे, तुमचं इंजिन स्लो आहे. वडील सोबत होते, ते काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा बघून मला जो राग आला तो आजही गेलेला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कानाने इंजिन ओळखलं त्याला हे सांगायचं!

मग आमचे एक मामा साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होते, ते आपला हातातला डिजिटल टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) घेऊन आले. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीला चमकणारी पट्टी चिकटवली, लाईट मारली, आकडा ५६०. डॅशवर काटा २८०. बरोब्बर निम्मा. मामा लगेच म्हणाले, केबल कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून) येते ना, कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्याने फिरतो, मूळ मीटर ते दुप्पट करून दाखवतो, यांनी आत दुसऱ्या मीटरची कडक स्प्रिंग घातलीय बघ.

तसंच निघालं. परत गेलो, मूळ स्प्रिंग कुठाय विचारलं, आधी फेकली म्हणाले, मग बरंच बोलल्यावर एका पत्र्याच्या डबीतून निघाली, दोन वेढे एकमेकांना चिकटलेले. वरून परत मजुरी मागितली. मी स्प्रिंग खिशात घातली आणि मीटर उचलून बाहेर पडलो.

मिरजेत एक वयस्कर घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून चिमट्याच्या टोकाने एकेक वेढा सोडवत बसले, मी श्वास रोखून बघत होतो. ट्रकचं काम आहे म्हणून त्यांनी नाक मुरडलं नाही. वाटीवरचं ऑइल पुसलं, मूळ स्प्रिंग बसवली, काटा शून्यावर आणला.

गाडीला लावायच्या आधी कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या लेथवर तपासला, हे तुम्हीही कराच. चौकोनी टोकाचा तुकडा लेथच्या चकात (फिरत्या पकडीत) धरायचा, दिशा मूळ केबलचीच ठेवायची, कारण उलटा फिरवला तर काटा शून्याच्या मागं दाबला जातो. लेथ ५०० वर ठेवला, डायलवर १०००. तुमची केबल कुठून निघते त्यावर हा हिशोब बदलेल, आधी ते शोधा आणि दुकानदाराला कागदावर लिहून द्या.

काटा नाचत असेल तर मीटरला दोष देऊ नका, बहुतेक वेळा केबल कोरडी असते किंवा कुठंतरी जास्त वाकलेली असते. वळणाची त्रिज्या सहा इंचापेक्षा कमी नको. ग्रीस पातळ थर, आणि मीटरकडचे शेवटचे पाच-सहा इंच कोरडे ठेवा, नाहीतर ते ग्रीस वर चढतं. आणि हो, मीटर कुणाकडेही द्या, समोर उघडायला लावा, आतला फोटो काढा, काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा.

आता आयडलला काटा साडेपाचशेच्या जरा वर स्थिर असतो. परवा माधवनगरपर्यंत चक्कर मारली, गाडी वडिलांनीच चालवली, आणि प्रत्येक गिअर टाकताना ते काट्याकडे बघत होते.