भाचरांची फाईल

आमच्याकडे बहीण गेली की तिची पोरं मामाकडे येतात आणि मामीच्या हाती पडतात. यात कुणी कुणाला विचारत नाही आणि कागदही कुणी करत नाही. तेरावा होतो, दप्तरं आणि एक गाठोडं एसटीत चढतं, पुढच्या सोमवारी पोरं मामाच्या गावच्या शाळेत बसलेली असतात. चार-सहा महिने काही अडत नाही. मग बँकेत खातं उघडायला पालकाची सही लागते, दवाखान्यात संमतीपत्रावर 'नातं' या रकान्यात 'मामी' लिहिलं की कारकून कागद परत सरकवतो. अशा पोरांसाठी सरकारी मदत मागायची फाईल तिथून सुरू होते. मी अशा तीन फायली केल्या, एक घरची आणि दोन गावातल्या. इथे लिहितेय ते त्या कागदांबद्दल, आणि कागद हलेपर्यंत घर उचलून धरणाऱ्या माणसांबद्दल.

आधी योजना कोणती ते नक्की करा. नात्यातल्या घरी राहणाऱ्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिच्या नावाआधी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले लागतं. १ एप्रिल २०२३ पासून एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, त्याआधी १,१०० होते. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली स्पॉन्सरशिप, महिन्याला ४,००० रुपये. तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,०००. एका मुलाला दोन्हींपैकी एकच मिळते. रक्कम मोठी म्हणून सगळे दुसरीकडे धावतात, पण दाखल्यावरचा आकडा अटीत बसत नसेल तर धावपळ फुकट जाते. आधी दाखला हातात घ्या, मग अर्ज निवडा.

रक्ताचं नातं नसलेल्या घरात मूल ठेवायचं तर गोष्ट वेगळी. ते बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ खाली येतं आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय होत नाही. भुसावळसारख्या जंक्शनवर एकटं मूल सापडतं, कुणीतरी कनवाळू माणूस त्याला घरी आणतो, जेवू घालतो, आणि 'राहू द्या, देवाने दिलं' म्हणतो. तसं करू नका. २४ तासांच्या आत १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला, पोलिसांना किंवा समितीला कळवायचं असतं. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्या मुलाची आई कदाचित दोन स्टेशनं मागे त्याला शोधत असते.

आता कागद. मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, शाळेचा बोनाफाईड, रहिवासी दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाची प्रत, पासबुक, आई किंवा बाप गेल्याचा मृत्यू दाखला. आणि घरासमोर उभं राहून मुलासोबत काढलेला फोटो. माझी पहिली फाईल या फोटोवरून परत आली. मी तालुक्याच्या स्टुडिओत, मागे धबधब्याचा पडदा लावून, पोरांना नवे कपडे घालून फोटो काढला होता. त्यांना हवं असतं घर. भिंत, दार, दारातली चूल दिसली पाहिजे. मोबाईलवर काढून पोस्टकार्डाएवढी प्रत काढली तरी चालते.

सगळ्यात आधी मृत्यू दाखल्याच्या मागे लागा, कारण बाकीचे पंधरा दिवसांत निघतात आणि हा अडकतो. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते, मूळ गावात नाही. खान्देशची अर्धी तरुण पोरं सुरतेला कामाला. उधना-लिंबायतला राहणारा माणूस तिथेच गेला तर दाखला सुरत महापालिकेचा लागतो. आपल्या ग्रामपंचायतीत कितीही हेलपाटे मारा, ग्रामसेवक काही करू शकत नाही. नोंद २१ दिवसांत केली तर फुकट होते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिथला दाखला गुजरातीत आला तर मराठी भाषांतर जोडा, आणि नावाचं स्पेलिंग तिथेच, खिडकीवर उभं असताना तपासा. दाखला घेऊन परतल्यावर सापडलेली चूक म्हणजे पुन्हा सुरतची गाडी.

नावावरून आणखी एक. शाळेत घालताना मास्तर मायेने मामाचं आडनाव लावून टाकतात. पोरालाही बरं वाटतं. पुढे आधारवर बापाचं आडनाव, शाळेत मामाचं, मृत्यू दाखल्यावर तिसरंच, आणि फाईल बाजूला पडते. पहिल्याच दिवशी सांगा: आडनाव होतं तेच ठेवा. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे. तेवढं माहीत असलं की आडनाव बदलून 'ॲडजस्ट' करायची वेळ येत नाही.

पैसे थेट खात्यात येतात, म्हणजे आधारशी जोडलेल्या खात्यात. इथे गंमत होते. पोराचं आधार आधीच्या गावात शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याला जोडलेलं असतं, ते पासबुक कुणाकडे आहे कुणालाच ठाऊक नसतं, आणि अनुदान तिकडे जमा होत राहतं. नवं खातं उघडलं की बँकेत दोन प्रश्न विचारा: आधार या खात्याला जोडलं का, आणि अनुदानासाठी मॅप झालं का, म्हणजे अनुदान याच खात्यात येणार का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल ५ आणि १५ वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिलं तरी आधार अडतं. रेशनचं नावही लगेच हलवा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य असतं, पण जुन्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय नव्यावर चढत नाही.

नात्यातलं मूल असलं तरी त्याला बालकल्याण समितीसमोर घेऊन जावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असते. कायद्याने महिन्यात किमान २० दिवस बैठक व्हायला हवी, तरी निघण्याआधी फोन करा. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला पोचायचं आणि 'आज बैठक नाही' ऐकायचं, यात एक रोज आणि भाडं दोन्ही जातं. बाप जिवंत असेल तर समिती त्यालाही बोलावते. पोराला पढवून नेऊ नका. सदस्य त्याच्याशी एकटं बोलतात आणि पाठ केलेलं लगेच ओळखतात. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारं पोर तिथे गप्प होतं आणि अहवालात 'मूल प्रतिसाद देत नाही' असं लिहिलं जातं. त्याची भाषा येणारं माणूस सोबत न्या, मात्र ते मामा-मामी नको; अंगणवाडीची ताई किंवा शाळेची बाई बरी.

नंतर गृहभेट, म्हणजे मूल खरंच त्या घरात आहे का ते बघायला येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत इथेच घोळ होतो. दिवाळीनंतर अक्कलकुवा-धडगावकडची कुटुंबं गुजरातच्या उसात जातात ती होळीला परततात. मधल्या काळात भेट आली की दाराला कुलूप, आणि शेरा 'बालक आढळले नाही'. जाण्याआधी अर्ज केला त्या कार्यालयात लेखी द्या की मूल मागे कुणाकडे आहे, आजीकडे की शाळेच्या हंगामी वसतिगृहात. त्या अर्जावर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

हे सगळं झालं तरी पहिला हप्ता यायला महिने जातात आणि पुढचेही एकदम, तुंबून येतात. २,२५० म्हणजे दिवसाला ७५ रुपये, ते रोज मिळाले असते तर दूध-वही निघाली असती. आठ महिन्यांनी १८,००० एकदम आले की घरात आधी मोटारीची वायंडिंग आठवते. म्हणून मधला काळ कोण भरणार हे आधी ठरवावं लागतं. आम्ही बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून दोन हजार उचलायचे, हप्ता आला की आधी गट फेडायचा, उरलेलं पोराच्या खात्यात राहू द्यायचं. वही पोराच्या नावाने वेगळी. उद्या बापाकडच्या काकांनी विचारलं तर वही पुढे करता येते, आणि काका विचारतातच.

गाव बाल संरक्षण समिती कागदावर गावोगाव आहे, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. सही हवी तेव्हा सही मिळते, बैठकीचं सांगू नये. खरं जाळं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या एका कागदावर असतं. आमच्या कागदावर सहा नावं आहेत. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला मोटरसायकलवाला. अभ्यासाला शेजारची बारावीची पोर. कचेरीची तारीख लक्षात ठेवणारा एक माणूस, कारण तारीख सगळ्यांची असली की कुणाचीच राहत नाही. गटातली एक बाई उसनवारीला. आठवड्यातून एक दुपार पोरं घेऊन जाणारी आत्या, आमच्याकडे फुई. त्या दुपारी मामीने झोपायचं, पापड लाटत बसायचं नाही; फुईने ते मला दटावून सांगितलंय. आणि सहावं नाव सगळ्यात महत्त्वाचं: सांभाळणारी आजारी पडली तर दुसरं कोण. आजी सांभाळत असेल तर हे नाव बालकल्याण समितीला लेखी कळवा. आजीनंतर आदेश आपोआप मामाकडे सरकत नाही, नवा घ्यावा लागतो. पण नाव आधीच फाईलीत असलं तर पोराला मधल्या काळात बालगृहात ठेवायची वेळ सहसा येत नाही.

पहिले दीड-दोन महिने रात्री जड जातात. नऊ वर्षांचं पोर अंथरूण ओलं करतं. गोधडीखाली मेणकापड घाला, रात्री एका ठरल्या वेळी उठवा, आणि गोधडी मागच्या परसात वाळत टाका, ओट्यावर नाही. उशाखाली भाकरी लपवणं, दप्तरात मुंग्या होईपर्यंत पोळी ठेवणं, ही चोरी नाही. उद्या मिळेल याचा त्याला भरवसा नाही एवढंच. शेव-मुरमुऱ्याचा एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवला आणि तो कधी रिकामा होऊ दिला नाही, तर महिन्याभरात लपवणं कमी होतं. 'मन्ही माय कोठे शे?' असं धाकटं विचारतं तेव्हा 'गावले गयी' म्हणू नका. ते मग एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतं. गेली, आता येणार नाही, हे त्याच्याच भाषेत, एकाच माणसाने, एकसारखं सांगायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुन्हा सगळं उसळतं. गेलेल्याच्या नावाने घागर भरतात, बाकीची घरं माहेरवाशिणींनी भरलेली, झाडाला झोके, आणि पोर घागरीवरच्या नावाकडे बघत बसतं. त्या दिवशी बापाकडच्या माणसांना बोलवावं असं माझं मत आहे, भांडण असलं तरी. पोराला दोन्ही घरं लागतात.

बापाच्या नावावर शेत असेल तर वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची. सातबाऱ्यावर पोराचं नाव 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) पालनकर्त्यासह लागतं, आणि ते शेत जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शेत कसणारा आणि पोर सांभाळणारा हे दोघे वेगळे असले तर बरं. एकच असतील तर पिकाचा हिशोबही त्याच वहीत लिहा. पोर १८ वर्षांचं झालं की अनुदान आपोआप बंद होतं. अ.पा.क. मात्र आपोआप निघत नाही. वयाचा पुरावा जोडून पोराने स्वतः तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, त्याचीही पोच घ्यायची.