खालीची वाट पाहताना

दिवेलागण झाली की मी पेटी काढते आणि साडेतीन वर्षांची लेक मांडी घालून समोर बसते. तीनताल या तालाच्या १६ मात्रा, म्हणजे ठोके: १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर 'खाली', म्हणजे टाळी न देता नुसता तळवा उलटायचा. कितीतरी दिवस ती खालीलाही टाळीच वाजवायची. परवा मात्र नवव्या मात्रेला दोन्ही हात जवळ आले, थबकले, आणि इवलासा उजवा तळवा अलगद उलटला. डोळे माझ्याकडे, श्वास रोखलेला. मला भरूनच आलं!

हात आवरणं, थांबणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं... एवढ्याशा जिवाला हे केवढं मोठं काम! 'धा धिं धिं धा' हे तालाचे बोल म्हणता म्हणता तिचा 'ध'ही स्पष्ट झाला. आधी ती 'दूद' म्हणायची. बाळ तर पोटात असतानाच, शेवटच्या महिन्यांत, आईचा आवाज ऐकू लागतं. मग क्लासच्या वयाची वाट कशाला पाहायची? नुसती मोबाइलवर गाणी लावून देऊ नका, स्वतः गा. सूर हलला तरी गा.

रविवारी तिला तानसेनच्या समाधीवर नेलं. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं आमच्या ग्वाल्हेरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिने एक पान चघळलं, तोंड वाकडं केलं आणि दुसरं माझ्या तोंडात घातलं.