गोकाकचा धबधबा आणि ०.१२ डिग्री

काल भाची पीयूसीचं (कर्नाटकातली अकरावी-बारावी) फिजिक्स घेऊन बसलेली, मधेच म्हणाली, मामा, धबधब्याचं पाणी खाली पडलं की गरम होतंय म्हणे, खरं काय? म्हटलं होय की, आपल्या गोकाकचाच हिशोब करून बघू. घटप्रभा नदी तिथं साधारण ५२ मीटर खाली उडी घेते, हवेचा अडथळा सोडला तर पडायला ३.३ सेकंद आणि तळाशी वेग ताशी ११५ किलोमीटर! आता ती सगळी एनर्जी उष्णतेत गेली असं धरायचं, एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्वाचं ९.८ गुणिले उंची, म्हणजे पडण्याची एनर्जी) बरोबर एमसी डेल्टा टी (वस्तुमान गुणिले पाण्याची विशिष्ट उष्णता ४१८६ गुणिले तापमानातली वाढ), दोन्हीकडचं वस्तुमान कटतंय, म्हणजे पावसाळ्यातला लोंढा असो नाहीतर उन्हाळ्यातली बारीक धार, उत्तर तेच. मला हे वस्तुमान कटणं अजून लई आवडतंय. ९.८ गुणिले ५२ भागिले ४१८६, आलं ०.१२ डिग्री. एवढंच? म्हणून ती हिरमुसली. अगं, एक किलो पाणी एक डिग्री तापवायला ४१८६ ज्यूल लागतात, पडून मिळतात जेमतेम ५१०. त्यात तुषार उडून बाष्पीभवन होतंय, त्यानं पाणी उलट गारच पडायचं. ते गणितात कसं घालायचं, हे ती रात्री जेवताना विचारत होती.