कवडसा अडवताना : आमची वाटचाल

भुसावळातील आमच्या दुकानाची सुरुवात पडद्यांपासून झाली नाही. वडील गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे आणि कूलरची आच्छादने शिवत असत, आणि पडदा हे त्यांच्या लेखी लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर येणारे किरकोळ काम होते. गिऱ्हाईक रंग पाहून कापड निवडे. उजेड किती अडेल, हे कोणी विचारत नसे. तो प्रश्न आमच्याकडे पहिल्यांदा आणला तो रेल्वेच्या रनिंग स्टाफने, म्हणजे गाडीबरोबर जाणाऱ्या चालक-गार्डांनी, आणि त्यांच्यामागोमाग दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांनी. रात्रभर मालगाडीवर काढून सकाळी नऊला घरी परतणाऱ्या माणसाची रात्र तेव्हा कुठे सुरू होते, आणि वैशाखात पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या आमच्या गावात त्या वेळी ऊन ऐन भरात येत असते.

अशाच एका गार्डसाहेबांसाठी (ट्रेन मॅनेजर हे पदनाम २०२२ मध्ये आले, आमच्या तोंडी अजून गार्डच आहे) मी सुरतेहून मागवलेल्या ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणाऱ्या, कापडाचा पहिला पडदा शिवला. या कापडाच्या पाठीवर फेसाळ ॲक्रिलिकचे तीन थर चढवलेले असतात, दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये एक काळा, म्हणून बाजारात त्याला थ्री-पास म्हणतात. दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरले तर पलीकडचे काहीच दिसेना, आणि तेवढ्यावर सौदा झाला. चार दिवसांनी साहेब परत आले. रागावले नव्हते, एवढेच म्हणाले, "भाऊ, एकदा दुपारी घरी या आणि दार लावून पंधरा मिनिटे आत बसा."

मी बसलो. पहिल्या मिनिटाला काळोख वाटणारी खोली डोळे सरावल्यावर उजळत गेली. कापडातून उजेड येत नव्हताच; तो रॉडच्या वरून छतावर पसरत होता, दोन्ही कडांनी भिंतीवर पट्टे ओढत होता, रॉड ओवण्यासाठी कापडात बसवलेल्या आयलेटच्या रिंगांमधून कवडसे पाडत होता, आणि जिथे मी टीप घातली होती तिथे सुईच्या भोकांची ओळच्या ओळ चमकत होती. भर उन्हाचा उजेड साधारण १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असतो. त्यातला शेकडा एक भाग आत शिरला तरी ते हजार लक्स झाले, आणि कचेरीत टेबलावरच्या कामाला ३०० ते ५०० लक्स पुरतात. म्हणजे नव्व्याण्णव टक्के अडवणारे कापडही भर उन्हासमोर कचेरीपेक्षा जास्त उजेड आत सोडते, हे गणित मला त्या दुपारनंतर मांडता आले.

तेव्हापासून आम्ही माप घ्यायला दुपारीच जातो. पडदा खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना किमान सहा इंच जातो, कडेला वळून भिंतीला टेकतो, मधल्या जोडावर दोन पाती एकमेकांवर चढतात, आणि वर प्लायवूडचे बंद पेल्मेट, म्हणजे पडद्याचा माथा झाकणारी पेटी, बसते. आयलेट आम्ही झोपण्याच्या खोलीसाठी घेतच नाही. चुण्यांचा पडदा ट्रॅकवर चालवतो आणि उभी टीप शक्यतो टाळतो. रोलर ब्लाइंडची, म्हणजे नळीवर गुंडाळल्या जाणाऱ्या सपाट पडद्याची, गोष्ट निराळी. चौकटीच्या आत बसवले की ब्रॅकेटमुळे कापड चौकटीपेक्षा अरुंद राहते आणि दोन्ही कडांना एकदोन सेंटिमीटरची फट उरतेच. त्यावर ॲल्युमिनियमची पन्हळीसारखी पट्टी लावून कापडाची कड तिच्यात सरकवावी लागते. हा खर्च गिऱ्हाइकाला सुरुवातीला पटत नाही आणि मला त्याचे नवल वाटत नाही.

एका उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात घड्या घालून ठेवलेले तागेच्या तागे चिकटले आणि उलगडताना लेप सोलून आला. व्यापाऱ्याने हात वर केले, नुकसान आमचेच. आता लेपाचे कापड आम्ही नळीवर गुंडाळून ठेवतो. मध्ये काळे सूत विणलेले बिनलेपाचे कापडही आम्ही ठेवतो, ते धुता येते आणि त्याची चूण सुरेख पडते, पण पूर्ण अंधार त्याने होत नाही, हे आधीच सांगतो.

उत्तरेच्या खिडकीबाबत मात्र आम्हीच बरीच वर्षे गाफील होतो. खानदेश २१ अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. जूनमध्ये इथे सूर्य पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच कलून मावळतो, त्यामुळे एरवी सावलीत असलेल्या उत्तरेच्या खिडकीतूनही सकाळ-संध्याकाळी थेट तिरीप येते.

उष्णतेसाठी कोणी पडदा मागितला, तर पांढऱ्या पाठीचे कापड काही ऊन परतवते, पण काचेतून आत आलेले ऊन बहुतांशी आत आलेलेच असते, असे आम्ही स्पष्ट सांगतो. ते बाहेरूनच अडवायला हवे. बांबूच्या चिकाच्या पडद्याने किंवा वाळ्याच्या तट्टीने. ते काम आम्ही करत नाही, गिऱ्हाइकाला बुरुडाकडे पाठवतो.